मिठाची गाडी: सोलापुरातल्या एका जुन्या पिकअपच्या गंजलेल्या केबिनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००९ सालची. डिझेल पिकअप. चासी वेगळी आणि तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेली पत्र्याची केबिन. पहिल्या मालकानं सात वर्षं तिच्यावर मोहोळ-मंगळवेढ्याकडचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात आणला. २०१६ साली ती दुसऱ्या मालकांकडे आली. त्यांना आम्ही गॅरेजवर अण्णा म्हणतो, इथंही तेवढंच नाव पुरे. गाडी त्यांचा मुलगा चालवतो, हिशेब अण्णा बघतात आणि घर त्याच गाडीवर चालतं.

अण्णांकडे आल्यावर गाडीचा माल बदलला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचं सूत रंगवणारी डाइंग आहेत, तिथं ते गोदामातून मीठ पोचवायला लागले. ज्यांनी डाइंग आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालावं लागतं, आणि गडद रंगाला ते लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमच्या पुढेही जातं. म्हणजे रोज पोत्यांनी मीठ. पावसाचा शिपका आला की मागं उघड्या हौद्यातली दोन-तीन पोती भिजू नयेत म्हणून क्लीनरच्या बाजूला केबिनमध्ये, पायाशी ठेवायची, ही त्यांची नेहमीची पद्धत. माल वाचायचा. केबिनचं काय होतंय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि खरं तर गाडी वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला माझ्याचकडे यायची, तेव्हा माझंही नव्हतं.

सोलापूरची हवा कोरडी आहे, इथं गाड्या गंजत नाहीत, असं आपण सगळे म्हणतो. कोकणातल्या गाडीच्या मानानं ते खरंही आहे. पण मिठाचा एक गुण आहे. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतूनच पाणी ओढून घेतं, वरून थेंब पडायची गरज नसते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा गंज जवळपास थांबलेला असतो. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरचा. त्या दिवसांतल्या रात्री मॅटखालचं मीठ ओलं होतं आणि पत्रा रात्रभर भिजत राहतो. अशा सात-आठ पावसाळ्यांनी काय केलं, त्याची ही हकीगत.

तक्रार

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णा गाडी घेऊन आले. तक्रारी दोन होत्या. पहिली, खड्ड्यातल्या पाण्यातून गाडी गेली की क्लीनरच्या पायावर पाणी उडतं. दुसरी, क्लीनरकडचं दार उचलून लावावं लागतं. डिसेंबरमध्ये फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला धड आहे की नाही याची सरकारी तपासणी, होती. आठ वर्षांच्या वरच्या मालवाहू गाडीला तो दरवर्षी करून घ्यावा लागतो, त्यामुळे काम टाळण्यासारखं नव्हतं.

"दाराचं बिजागरं बदल आणि खाली एक पत्रा मार, दोन दिवसांत दे," अण्णा म्हणाले.

बिजागऱ्यांचं मला पटलं नाही. ड्रायव्हरचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, क्लीनरचं पाच-सहा वेळा. झिजायचीच असती तर आधी ड्रायव्हरकडची बिजागरी झिजली असती, आणि ते दार एका बोटानं लागत होतं. मग क्लीनरचं दार लोंबतं ते कशानं? बिजागरी ज्या खांबावर आहे तो खांबच खाली बसत असला पाहिजे. ही शंका मला त्याच दिवशी आली होती. तरीही अण्णांना मी उभ्या-उभ्या चौदा हजारांचा अंदाज आणि सहा दिवसांची मुदत सांगून टाकली. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती. मॅट उचललेली नव्हती आणि मी आकडा बोललो होतो.

उघडल्यावर

सीट काढली, रबरी मॅट काढली, तिच्याखालचा नमदा काढला. नमदा पिळला तर पाणी निघालं. बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट. त्याखाली डांबर फासलेलं आणि डांबराखाली रिव्हेट मारून बसवलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा. आधी कोणीतरी केलेली दुरुस्ती. रिव्हेट तोडून तो पत्रा उचलला तेव्हा मूळ फ्लोअर पापुद्र्यांनी सुटून हातात आला. दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेल्या खाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, त्यामुळे भोक झाकणाऱ्या पत्र्यानंच भोक वाढवलं होतं.

आमच्याकडे डेंटिंगचं काम चाचा बघतात. चाळीस वर्षांचा हात. त्यांनी टोकाची हातोडी घेतली आणि केबिनभर ठोकत गेले. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला भद्द वाजतो. जिथं शंका तिथं स्क्रू ड्रायव्हर दाबून बघायचा. मी खडूनं खुणा करत होतो: धड तिथं गोल, गेलं तिथं फुली. जिथं रंग जाड दिसला तिथं चुंबक लावला. पुट्टीवर चुंबक धरत नाही, सरकतो.

तासाभरानं केबिनवर जो नकाशा उमटला तो असा. क्लीनरकडचं फ्लोअर दोन वितीएवढं गेलेलं. त्याच बाजूचा उंबरा, म्हणजे दाराखालची पेटी, तळातून खाल्लेली. पुढच्या डाव्या माउंटिंगचं ब्रॅकेट फ्लोअरपासून तीन बाजूंनी फाटलेलं, एका बाजूवर लोंबत होतं. लोंबणाऱ्या दाराचं कारण तेच. ड्रायव्हरकडं ॲक्सिलरेटर पॅडलखाली तळहाताएवढी जागा. मागच्या भिंतीच्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं. पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात रंगाखाली फुगे. दोन्ही दारांच्या तळाच्या दुमडी फुगलेल्या.

फुग्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण गिऱ्हाईक तिथंच फसतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. बाहेर हरभऱ्याएवढा फुगा दिसला की आत रुपयाएवढी जागा गेली असं धरून चालावं.

पाणी येतं कुठून

मीठ पायाशी ठेवत होते हे कळल्यावर कारण सापडलं असं मला वाटलं. चाचांनी अडवलं. "मीठ उजव्या बाजूला कधी ठेवलं नाही ना? मग पॅडलखाली कशानं गेलं?" प्रश्न बरोबर होता.

मग पाण्याची परीक्षा घेतली. गॅरेजमधला पोरगा टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसला, दारं लावली, आणि मी बाहेरून पाइपनं खालून वर पाणी मारत गेलो. खालून सुरू करायचं, कारण वरून मारलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं.

"दादा, काचेच्या कोपऱ्यातनं येलालंय!" पोरगा ओरडला. डावीकडचा खालचा कोपरा. तिथलं काचेचं रबर उन्हानं लाकडासारखं कडक झालं होतं. पुढे बोनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीवर पाणी सोडलं तर ते दोन मिनिटांत डॅशबोर्डच्या मागून ड्रायव्हरच्या पायाशी उतरलं. जाळी काढली तर खालच्या पन्हळीत लिंबाचा पाला ठासून बसलेला. पन्हळीला पाणी बाहेर जायला भोक असतं, ते बुजलं होतं, म्हणून पन्हळ भरून पाणी हवेच्या वाटेनं आत सांडत होतं. अण्णांची गाडी रात्री घरासमोर लिंबाखाली उभी असते. तिसरी जागा दारांची. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. मागं कधीतरी गाडीला खालून डांबर मारताना ती भोकंही बुजवली गेली होती.

म्हणजे मीठ होतंच, पण त्याला ओल पुरवणाऱ्या वाटा तीन होत्या. फक्त पत्रा बदलून दिला असता तर दोन वर्षांत तीच गाडी त्याच जागी उघडावी लागली असती.

पर्याय

संध्याकाळी अण्णांना बोलावून खडूचा नकाशा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्ही चहा घेत एकेक पर्याय काढला.

पुन्हा रिव्हेट मारून पत्रा आणि वरून डांबर. चार-पाच हजारांत, एका दिवसात. फिटनेसपुरतं कदाचित चाललं असतं. मी नाही म्हणालो. सीटचे बोल्ट ज्या फ्लोअरला आहेत आणि केबिन ज्या ब्रॅकेटवर उभी आहे, तिथं रिव्हेटचा पत्रा म्हणजे मुलाचा जीव रिव्हेटवर. जोराचा ब्रेक लागला तर सीट पत्र्यासकट सुटू शकते. फायबरचा पॅच सुचवणारेही भेटतात, त्यालाही हेच उत्तर. दाराच्या कोपऱ्यातलं भोक बुजवायला फायबर ठीक, भार घेणाऱ्या जागेला नाही.

भंगारातली अख्खी केबिन. हा पर्याय मला मनापासून आवडला होता. चासी नंबर चासीवर असतो, केबिन बदलल्यानं तो बदलत नाही. फक्त रंग वेगळा आला तर मूळ रंग मारावा लागेल, नाहीतर आरसीत बदलाची नोंद करून घ्यावी लागेल, आणि केबिन कुठून आली त्याची पावती हवी. आम्ही दोन केबिन बघून आलो. पहिली लांबून झकास दिसत होती. खिशातला चुंबक उंबऱ्याला लावला तर सरकत खाली आला, आतून सगळी पुट्टी. दुसरी खरोखर बरी होती, पण मालक पंचेचाळीस हजारांवर अडून बसला, आणि तिच्याही पुढच्या डाव्या माउंटिंगपाशी गंज सुरू झालेला दिसला. त्या बांधणीत पाणी साचायची जागाच ती. शिवाय वायरिंग, डॅशबोर्ड, पेडल, स्टिअरिंग सगळं उतरवून चढवायचं काम वेगळं.

गाडी काढून टाकणं. हे मी स्वतःहून मांडलं, कारण काम मिळावं म्हणून मेलेल्या गाडीवर पैसे घालायला लावणं मला पटत नाही. अण्णांनी कागदावर मांडून बघितलं. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला किती, मिठाच्या खेपांतून सुटतात किती. इंजिनचं काम दोन वर्षांपूर्वी झालं होतं, गिअरबॉक्स आवाज करत नव्हता, चासी मी लिफ्टवर घेऊन हातोडीनं तपासली, ती धड होती. चासी गेलेली असती तर मी हात लावला नसता, आणि तसं आधीच सांगितलं होतं.

राहिला शेवटचा पर्याय. गेलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणं. अण्णा म्हणाले, "कर. पण डिसेंबरच्या आत."

काम

बॅटरीची वायर आधी काढली. वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटरचे डायोड जातात, हे या गावात बरेच जण एकदा नुकसान सोसून शिकलेत. डिझेलची टाकी उतरवली. दोन्ही बाजूंच्या दाराच्या चौकटीचं माप कोपरा ते कोपरा घेतलं. डावीकडचं तिरपं माप उजवीपेक्षा नऊ मिलिमीटरनं कमी भरलं. एवढा तो खांब बसला होता.

इथं घाई केली तर केबिन कायमची वाकडी होते. उंबरा हा दाराच्या चौकटीचा खालचा बाहू. तो कापला की दोन खांबांना धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून खांबाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, माप जुळेपर्यंत वर घेतलं आणि मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा-तिरपा टॅक करून, म्हणजे वेल्डचे नुसते ठिपके देऊन, चौकट बांधून टाकली. अँगल बसल्यावरच ग्राइंडर हातात घेतला.

फ्लोअर कापताना रेघ गंजाच्या कडेनं मारायची नाही, धड पत्र्यात दोन बोटं आत जायचं. गंजाच्या कडेचा पत्रा दिसायला जाड असतो, पण वेल्डिंगची ठिणगी लागली की कागदासारखा जळून भोक मोठं होतं. पुठ्ठ्याचा साचा काढला, त्यावरून पत्रा कापला. फ्लोअरला २० गेजचा सीआर पत्रा, म्हणजे मुलामा नसलेला साधा पोलादी पत्रा, जाडी साधारण ०.९ मिलिमीटर. माउंटिंगच्या ब्रॅकेटला १४ गेज, २ मिलिमीटर. अण्णांच्या ओळखीतल्या कोणीतरी सुचवलं होतं की जीआय वापरा, गंजत नाही. जीआयवर वेल्डिंग केली की जस्त जळतं, तो पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. बंद केबिनमध्ये चाचांना तो धूर खायला लावायचा नव्हता. शिवाय जिथं वेल्ड तिथलं जस्त जळूनच जातं, म्हणजे नेमकी सांध्यालाच राखण उरत नाही.

सपाट पत्रा बसवला तर तो चालत्या गाडीत ढोलासारखा वाजतो. मूळ फ्लोअरला पन्हळी असतात त्या त्यासाठी. चाचांनी लाकडी ओंडक्यात खाच पाडली, पत्रा तिच्यावर ठेवून हातोडीनं तीन पन्हळी उठवल्या. हे काम बघायला शेजारच्या गॅरेजमधली पोरंही येऊन उभी राहिली होती. अशा हाताची माणसं आता कमी राहिलीत आणि हे शिकून घ्यायला कोणी येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेल्डिंग सीओटू मशीननं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत वायर वितळवणाऱ्या मशीननं, ०.८ मिलिमीटरची वायर. एका दमात रेघ ओढली तर पातळ पत्रा तापून लाटा घेतो. एक टॅक इथं, दुसरा वितीवर, तिसरा पलीकडच्या बाजूला, हात लावून गार झाल्याची खात्री, मग मधले. जिथं कंपनीनं दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले स्पॉट वेल्ड होते तिथं वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डनं भरली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडून आग लागता लागता राहिली. डॅशबोर्ड पूर्ण उतरवायचा कंटाळा केला होता, फक्त वायरिंग बाजूला बांधून वर ओलं पोतं टाकलं होतं. पॅडलखालचा पॅच वेल्ड करताना डॅशच्या मागं राहिलेली नमद्याची पट्टी धुमसायला लागली. आत बसलेल्या चाचांना मास्कमुळे वास आला नाही, पोराला आला. बादली जवळ होती म्हणून निभावलं. त्यानंतर काम थांबवून डॅशबोर्ड पूर्ण काढला. अर्धा दिवस गेला. तो अर्धा दिवस पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

मध्येच थांबलो ती जागा

चौथ्या दिवशी डाव्या उंबऱ्याचा बाहेरचा पत्रा कापला आणि दिसलं की आतली पेटीही गेली आहे. बाहेरून हातोडी मारताना ती कळली नव्हती, कारण पेटीत वर्षानुवर्षांची माती आणि मीठ ओल्या गोळ्यासारखं भरलं होतं, त्यामुळे आवाज भरीव येत होता. तो गोळा काढला, साधारण घमेलंभर.

आता दोन रस्ते होते. बाहेरचा पत्रा लावून बंद करायचं, कोणाला कळणार नाही. किंवा आतली पेटी नवी करायची, ज्यानं खर्च दुपटीवर जाणार होता. मी काम थांबवून अण्णांना फोन केला आणि येऊन बघा म्हणालो.

ते आले, वाकून बघितलं आणि चिडले. "हे आधी सांगायला पाहिजे होतं की. चौदा म्हणलास, आता तीस म्हणतोस. मी लोकांकडून उसने घेतलेत चौदा."

त्यांचं चूक नव्हतं. मी माझी चूक मान्य केली आणि सांगितलं की पेटीच्या कामाची माझी मजुरी घेत नाही, पत्रा आणि चाचांची मजुरी तेवढी द्या, आणि तीही गाडी धंद्याला लागल्यावर दोन हप्त्यांत. त्यांनी रात्रभर वेळ घेतला. सकाळी मुलगा आला आणि म्हणाला, बाबांनी पूर्ण करायला सांगितलंय.

मीठ धुणं

वेल्डिंगपेक्षा मला या कामानं जास्त शिकवलं ते इथं. राहिलेला पत्रा आम्ही वायर ब्रशनं आणि फ्लॅप डिस्कनं चकचकीत केला, गॅरेजच्या बोअरच्या पाण्यानं धुतला, वाळवला. सकाळी येऊन बघतो तर ठिकठिकाणी पिवळे ठिपके उठलेले. चाचा म्हणाले, प्रायमर मारून टाकू, त्याखाली दबून जाईल.

ठिपके सगळीकडे नव्हते, फक्त जुन्या गंजाच्या खड्ड्यांत होते. खड्ड्यांच्या तळाशी मीठ शिल्लक होतं आणि ते रात्रीची ओल ओढत होतं. त्यावर प्रायमर मारला असता तर तेच मीठ प्रायमरखाली पाणी खेचून फुगे आणणार. त्यात आमचं बोअर स्वतःच खारं, म्हणजे मीठ धुवायला आम्ही मिठाचंच पाणी वापरत होतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून गॅरेजं बोअरवर चालतात आणि त्याचा कोणी विचार करत नाही.

मग वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे जार मागवले. गरम करून ब्रशनं खड्डे घासायचे, धुवायचे, हीट गननं वाळवायचं, रात्र जाऊ द्यायची, सकाळी बघायचं. दुसऱ्या सकाळी ठिपके निम्मे झाले, तिसऱ्या सकाळी तीन-चार राहिले, चौथ्या सकाळी पत्रा स्वच्छ. तीन दिवस आणि सहा जार. खड्ड्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, तेही नंतर धुऊन वाळवलं, कारण ॲसिड राहिलं तर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पुट्टी लागली तिथं ती प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण पुट्टी ओल पिते. सगळ्या सांध्यांना सीलर, मग रंग.

पेटीच्या आतून काय मारायचं यावर चाचांचा आणि माझा वाद झाला. ते म्हणाले, जळकं ऑइल ओता, आमच्या वेळच्या ट्रकांना तेच होतं आणि त्या टिकल्या. तेलानं पाणी लांब राहतं हे खरंच आहे. पण ऑइल माउंटिंगच्या रबराला मऊ करतं, हळूहळू गळून जातं आणि जमिनीवर टपकत राहतं. माउंटिंगची रबरं नवी टाकली होती, ती मला वाया घालवायची नव्हती. पेटीच्या भोकांतून नळी घालून वॅक्स मारलं. वेल्डिंगनं सांध्याच्या मागच्या बाजूचा रंग जळलेला असतो आणि तिथं ब्रश पोचत नाही, तिथं वॅक्सच जातं. दारांची आणि पन्हळीची भोकं खिळ्यानं मोकळी केली. फ्लोअरवर नमदा परत घातला नाही, नुसती सुटी रबरी मॅट.

निकाल

सहा दिवसांचं काम सतरा दिवस चाललं. एकूण बिल तेहेतीस हजार पाचशे. अण्णांनी ठरल्याप्रमाणे दोन हप्त्यांत दिलं. डिसेंबरात फिटनेस पहिल्या खेपेला झाला. क्लीनरचं दार आता ड्रायव्हरच्या दारासारखंच लागतं, दोन्ही तिरपी मापं एका मिलिमीटरच्या फरकात आली.

पुढच्या पावसाळ्यात जून-जुलै कोरडे गेले, म्हणजे केबिन आतून कोरडी राहिली. सप्टेंबरात एका रात्री धो-धो पाऊस झाला आणि सकाळी मुलाचा फोन आला, डावीकडं मॅटखाली ओल आहे. काचेचा तोच कोपरा. मी काचेचं जुनंच रबर सिलिकॉन लावून परत बसवलं होतं, बिल आधीच वाढलंय म्हणून नवं घ्यायला अण्णांना सांगायचा धीर झाला नव्हता. नवं रबर माझ्या खर्चानं घालून दिलं. तेव्हा काच काढल्यावर चौकटीच्या त्या कोपऱ्यात नवा गंज दिसला, हाताच्या अंगठ्याएवढा. ऑक्टोबरात तिथं फुगे होते हे खडूच्या नकाशात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते वरून घासून रंगवले होते, काच न काढता.

मिठाची पोती आता केबिनमध्ये येत नाहीत असं मी म्हणणार नाही. पाऊस आला की माणूस माल वाचवणारच. मुलानं एक मोठा प्लास्टिकचा टब आणलाय, पोतं त्यात ठेवतो आणि संध्याकाळी टब बाहेर उपडा करतो. मॅट रविवारी काढून उन्हात टाकतो. लिंबाखालची जागा बदलली नाही, पण पन्हळीतला पाला काढायची सवय त्याला लागली आहे.

आज काय वेगळं केलं असतं

आकडा दोन टप्प्यांत सांगितला असता. आधी फक्त उघडून तपासायचे पैसे, हजार-दीड हजार, आणि सीट-मॅट-डॅश उतरवून नकाशा तयार झाल्यावरच कामाचा अंदाज. तेव्हापासून पत्र्याच्या कामाला मी तसंच करतो. काही गिऱ्हाईकं यावर उठून जातात, जाऊ देतो.

उंबऱ्याची पेटी ठोकून न थांबता तळाला दहा मिलिमीटरचं भोक पाडून आत बघितलं असतं. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आता मी घेतलाय. वॅक्स मारायला ते भोक नाही तरी लागतंच.

पुढची काच पहिल्याच वेळी उतरवली असती आणि रबर नवं घातलं असतं. अण्णांचे पैसे वाचवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात एक पावसाळा त्या कोपऱ्याला आणखी मिळाला.

भंगारातल्या केबिनचा निर्णय मात्र मी आजही अवघड मानतो. पंचेचाळीस हजारांची ती दुसरी केबिन घेतली असती तर बसवण्याची मजुरी धरून साठाच्या घरात गेलो असतो, पण सगळा पत्रा एका वयाचा मिळाला असता. आता या केबिनमध्ये डावी बाजू नवी आहे आणि मागची भिंत सोळा-सतरा वर्षांची. तिच्या खालच्या कडेची भोकं आम्ही कापली नव्हती, भरून प्रायमर मारला होता, कारण तिथं भार नाही आणि पैसे संपले होते.

त्या भिंतीवर मी खडूनं चार खुणा करून फोटो काढून ठेवलाय. मेमध्ये, पाऊस लागायच्या आधी, अण्णा गाडी आणतात, आम्ही सीट पुढं घेऊन त्या चार जागी चुंबक लावतो आणि फोटोशी ताडून बघतो. यंदा तीन जागा तशाच आहेत. चौथीचा फुगा ज्वारीच्या दाण्याएवढा झालाय.